कंडक्टिंग पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब नीट कशा पसरवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचा प्रोजेक्ट असो किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष, नॅनोट्यूब आणि कंडक्टिंग पॉलिमरचं (म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचं) कॉम्पोझिट, म्हणजे मिश्र पदार्थ, करायला घेतलं की हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. बरीचशी उत्तरं पीडॉट:पीएसएस (पीडॉट हा कंडक्टिंग पॉलिमर आणि त्याला पाण्यात धरून ठेवणारा पीएसएस यांची जोडी) आणि पॉलिॲनिलिन हे दोन कंडक्टिंग पॉलिमर धरून दिली आहेत, कारण सुरुवात बहुतेक जण यांच्यापासूनच करतात.

डिस्पर्शन म्हणजे नक्की काय? नुसतं काळं पाणी झालं म्हणजे झालं का?

नाही. काळं पाणी तर चमच्याने ढवळलं तरी होतं. डिस्पर्शन म्हणजे गुठळ्या सुटून ट्यूब एकेकट्या, निदान बारीक जुडग्यांमध्ये वेगळ्या होणं आणि मुख्य म्हणजे तशाच राहणं. सोडवणं आणि टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, सोडवायचं काम सोनिकेटर (अल्ट्रासाउंडने द्रव हादरवणारं यंत्र) करतो, टिकवायचं काम सरफॅक्टंट (साबणासारखा पदार्थ), पॉलिमर किंवा ट्यूबवरचा चार्ज करतो. आणि माझं स्पष्ट मत असं की व्हायलमध्ये काय दिसतं त्यावर कोणी खूश होऊ नये, कारण त्यानंतर पॉलिमर टाकायचंय, ॲसिड टाकायचंय, फिल्टर करायचंय, सुकवायचंय, आणि यातल्या प्रत्येक पायरीला ट्यूब परत एकत्र यायला बघतात. सुकलेल्या फिल्ममध्ये जे उरतं तेच तुमचं डिस्पर्शन.

ट्यूब एकमेकींना इतक्या का चिकटतात?

व्हॅन डर वाल्स आकर्षण. एरवी हा जोर फार कमी समजला जातो पण ट्यूब लांबच लांब आणि गुळगुळीत असतात, दोन ट्यूब समांतर आल्या की पूर्ण लांबीभर चिकटतात. सिंगल वॉल म्हणजे एकाच भिंतीच्या ट्यूबच्या बाबतीत ही ऊर्जा दर मायक्रोमीटर लांबीला साधारण ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट धरतात. खोलीच्या तापमानाला थर्मल एनर्जी ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे २०,००० पटींचा फरक. त्यामुळे रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर ठेवलं तरी जुडगे सुटत नाहीत, त्याच्याकडून ती अपेक्षाच ठेवू नका. मल्टीवॉल म्हणजे एकात एक अनेक भिंतींच्या ट्यूब जाड आणि थोड्या वाकड्यातिकड्या असतात, त्या पूर्ण लांबीभर चिकटत नाहीत पण एकमेकींत गुंततात. त्या मानाने सोडवायला सोप्या.

पॉलिमर आधीच करंट वाहून नेतो, मग नॅनोट्यूब घालायच्याच कशाला?

शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ मध्ये आयोडीनने डोप केलेलं (म्हणजे करंट वाहावा म्हणून थोडं आयोडीन मिसळलेलं) पॉलिॲसिटिलीन दाखवलं आणि त्याबद्दल २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, तेव्हापासून पॉलिमर कंडक्ट करतात हे सगळ्यांना माहीतच आहे. पण साध्या पद्धतीने केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिडवालं पॉलिॲनिलिन काही सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या (हे कंडक्टिव्हिटीचं एकक) आसपासच राहतं, फिल्म ठिसूळ होते, आणि सुपरकपॅसिटरमध्ये (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन) चार्ज-डिस्चार्जच्या प्रत्येक फेरीत पॉलिमर फुगतो आणि आकसतो, त्याने तडे जातात. ट्यूब आत असल्या तर सांगाडा मिळतो, लांब पल्ल्याचा रस्ता मिळतो, आणि ट्यूबच्या पृष्ठभागावर पॉलिमरच्या साखळ्या जरा सरळ लागतात. हे सगळं ट्यूब सुट्या असतील तरच. गुठळी असेल तर आत पॉलिमर शिरतच नाही आणि ती जागा फिल्ममधला कमकुवत बिंदू होऊन बसते.

बाथ सोनिकेटर वापरू की प्रोब? आणि किती वेळ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बाथ (पाण्याची टाकी, तीत व्हायल ठेवायची) साधारण ४० किलोहर्ट्झचा असतो, प्रोब (थेट द्रवात बुडवायची दांडी) २० किलोहर्ट्झचा, पण खरा फरक फ्रिक्वेन्सीपेक्षा पॉवर किती जागेत जाते त्याचा आहे. प्रोबच्या टोकाखाली बुडबुडे फुटतात तिथे जबरदस्त शिअर (ओढून फाडणारा जोर) तयार होतो, जुडग्याचं टोक उकलतं, त्या फटीत सरफॅक्टंट शिरतो आणि मग ट्यूब हळूहळू वेगळी होते. बाथमध्ये हेच होतं पण फार सावकाश, शिवाय बाथमध्ये व्हायल कुठे ठेवली, पाण्याची पातळी किती होती यावर रिझल्ट बदलतो. सिंगल वॉल असेल तर प्रोब लागतोच असं समजा. मल्टीवॉल, त्यातही ॲसिड ट्रीटमेंट झालेल्या, बाथमध्ये होऊ शकतात.

वेळ मिनिटांत लिहून काही कळत नाही, कारण तुमचा प्रोब आणि दुसऱ्याचा प्रोब सारखा नसतो. एनर्जी पर मिली काढा. एक सोपी पद्धत आहे: बीकरमध्ये ५० मिली पाणी घ्या, बर्फ न लावता प्रोब चालू करा आणि तापमान किती चढतं बघा. मिनिटाला ६ डिग्री चढलं तर ५० गुणिले ४.१८ गुणिले ६ भागिले ६०, म्हणजे साधारण २१ वॉट खरोखर पाण्यात जातायत, मशीनच्या डिस्प्लेवर काहीही लिहिलेलं असो. मग अर्धा तास चालवलं तर ५० मिलीला साधारण ७५० जूल पर मिली. हा आकडा थीसिसमध्ये लिहिला तर पुढचा माणूस तुमचं काम परत करू शकेल, नुसतं "३० मिनिटं सोनिकेट केलं" यावरून नाही करू शकत.

आणि जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं, हे डोक्यातून काढाच. सोनिकेशनने ट्यूब तुटतात, लांबी ढोबळमानाने वेळेच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात कमी होते, म्हणजे चौपट वेळ चालवलं की लांबी निम्मी. पल्स मोडवर ठेवा, बीकर बर्फात ठेवा, टोक तळाला टेकू देऊ नका, आणि टोकाचं टायटॅनियम झिजून सॅम्पलमध्ये येतं तेही लक्षात असू द्या, टोक खरबरीत दिसायला लागलं की पॉलिश करून घ्या किंवा बदला.

योग्य वेळ ठरवायची कशी मग?

दर १० मिनिटांनी थोडं सॅम्पल काढून त्याच प्रमाणात डायल्यूट करा आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरमध्ये ॲब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला जातो ते) घ्या. ट्यूब सुटत जातात तसा तो वाढत जातो आणि एका ठिकाणी सपाट होतो. सपाट झालं की थांबा, त्यापुढे फक्त ट्यूब तुटतायत. वेव्हलेंग्थ ५०० नॅनोमीटरच्या वरची घ्या, कारण एसडीबीएस हा सरफॅक्टंट आणि पीएसएस दोघांनाही बेंझिन रिंग आहे, ते यूव्हीमध्ये स्वतःच शोषतात. आणि हे पॉलिमर टाकायच्या आधी करा, पीडॉट टाकल्यावर तो दृश्य भागापासून इन्फ्रारेडपर्यंत सगळीकडे शोषतो, मग ट्यूबचं काही वेगळं काढता येत नाही.

सरफॅक्टंट कुठला घेऊ?

पाण्यात करत असाल तर एसडीबीएस, सोडियम कोलेट, ट्रायटॉन एक्स-१०० हे नेहमीचे. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) स्वस्त आणि सगळीकडे मिळतो म्हणून सगळे तोच घेतात, पण पॉलिॲनिलिनचं काम असेल तर एक गोष्ट बघा. पॉलिमरायझेशन ० ते ५ डिग्रीला करायचं असतं आणि एसडीएस साधारण १६ डिग्रीच्या खाली पाण्यात नीट विरघळूनच राहत नाही. बीकर बर्फात ठेवला की थोड्या वेळाने काचेच्या कडेला पांढरे पातळ पत्र्यासारखे स्फटिक दिसायला लागतात, द्रावण चमकदार ढगाळ होतं, आणि ट्यूबभोवतीचा सरफॅक्टंट कमी झाला की ट्यूब खाली बसतात. लोक ॲनिलिनला दोष देतात, खरं कारण बर्फ असतं. पोटॅशियमचं मीठ टाकलं तर आणखीच लवकर, पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानालाही खाली बसतं. म्हणून ॲनिलिनचं पॉलिमर करणारा ऑक्सिडंट अमोनियम परसल्फेटच घ्या, पोटॅशियमचा नको.

प्रमाणाबद्दल: क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशनच्या (ज्या प्रमाणाच्या वर सरफॅक्टंटचे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे होतात) थोडं वर रहा (एसडीएससाठी ते ८ मिलिमोलरच्या आसपास आहे), पण खूप वर गेलात तर मोकळे मायसेल ट्यूबना उलट जवळ ढकलतात. शिवाय जेवढा सरफॅक्टंट टाकाल तेवढा शेवटी धुवून काढायचाय, आणि तो कधीच पूर्ण जात नाही, ट्यूबच्या जोडावर इन्सुलेटरसारखा बसून राहतो. माझ्या मते जिथे पॉलिमर स्वतःच ट्यूब धरून ठेवू शकतो तिथे वेगळा सरफॅक्टंट टाकूच नये.

ॲसिड ट्रीटमेंट करू का?

सल्फ्युरिक आणि नायट्रिक ३:१ मध्ये गरम केलं की कार्बोक्सिल ग्रुप लागतात, ट्यूब पाण्यात सहज जातात, ट्यूब बनवताना वापरलेल्या कॅटॅलिस्टचं लोखंड-कोबाल्टही बरंचसं धुतलं जातं. किंमत म्हणजे भिंतीला भोकं पडतात, ट्यूब तुटतात, कंडक्टिव्हिटी जाते. भिंत किती बिघडली ते कळायला रामन स्पेक्ट्रममध्ये १३५० च्या आसपासचा डी बँड (दोषांचा) आणि १५८० चा जी बँड (शाबूत भिंतीचा) यांचं गुणोत्तर आधी आणि नंतर दोन्ही वेळा काढा. सिंगल वॉलला शक्यतो करू नका, तिला एकच भिंत आहे, ती खराब झाली की संपलं. मल्टीवॉलमध्ये बाहेरची भिंत गेली तरी आतल्या शाबूत राहतात, तिथे सौम्य ट्रीटमेंट चालते.

आणि ट्रीटमेंटनंतर पूर्ण वाळवून पावडर करू नका! ओव्हनमध्ये कडक वाळलेल्या ट्यूब परत सुटता सुटत नाहीत. ओला लगदाच ठेवा, त्यातला थोडा वाळवून घन भाग किती टक्के ते काढा आणि त्या हिशोबाने वजन घ्या. पावडरच हवी असेल तर फ्रीझ ड्राय करा.

कोरडी पावडर थेट पीडॉट:पीएसएसमध्ये टाकून सोनिकेट केली तर?

चालतं कधीकधी, पण गुठळ्या राहतात. पिठल्यात बेसन एकदम टाकलं की गोळा बाहेरून ओला आणि आतून कोरडा राहतो तसंच होतं. शिवाय पीडॉट:पीएसएसवर तासभर प्रोब चालवणं मला पटत नाही, पॉलिमरच्या साखळ्यांनाही तो शिअर लागतोच की. आधी ट्यूब थोड्या पाण्यात, थोड्या जादा पीएसएस किंवा अगदी कमी सरफॅक्टंटबरोबर सोडवून घ्या, मग ढवळत ढवळत ते पीडॉट:पीएसएसमध्ये सोडा आणि बाथमध्ये थोडा वेळ ठेवा. पीएसएस इथे मदतच करतो, त्याचा निगेटिव्ह चार्ज ट्यूबना एकमेकींपासून लांब ठेवतो. कॅटायनिक म्हणजे पॉझिटिव्ह चार्जचा सरफॅक्टंट, जसा सीटॅब वगैरे मात्र बिलकुल नको, पीएसएसशी जोडी जमवून सगळं जेल होऊन खाली बसतं.

आता महत्त्वाचं. पीडॉट:पीएसएसच्या चांगल्या ग्रेडमध्ये ५ टक्के डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल हे सॉल्व्हंट टाकलं की कंडक्टिव्हिटी १ च्या खालून काहीशे सीमेन्स प्रति सेंटीमीटरपर्यंत जाते, ट्यूब एकही न टाकता. त्यामुळे ट्यूब डीएमएसओमध्ये डिस्पर्स करून टाकल्या आणि कंडक्टिव्हिटी शेकडो पटींनी वाढली असं दिसलं तर ते श्रेय ट्यूबचं नाही. तेवढंच डीएमएसओ, तेवढाच सरफॅक्टंट, तेवढंच सोनिकेशन, फक्त ट्यूब नाहीत, असं कंट्रोल सॅम्पल केल्याशिवाय ग्राफ गाईडला दाखवायला जाऊ नका. या विषयात जेवढे फसवे निष्कर्ष निघतात त्यातले बरेच इथेच निघतात असं मला मनापासून वाटतं.

पॉलिॲनिलिन इन-सिटू, म्हणजे ट्यूब असलेल्या द्रावणातच, करताना क्रम काय ठेवायचा?

ॲनिलिन आधी डिस्टिल करून घ्या, बाटलीतलं तपकिरी झालेलं तसंच वापरू नका. कार्बोक्सिलवाल्या ट्यूब १ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये टाकल्या तर त्यांचा निगेटिव्ह चार्ज जवळजवळ संपतो आणि त्या खाली बसायला लागतात, त्यामुळे आधी पाण्यात सोडवा, मग त्यातच ॲनिलिन टाकून परत थोडं सोनिकेट करा, ॲनिलिनचे रेणू ट्यूबला चिकटून बसतात, आणि ॲसिड त्यानंतर हळूहळू. ॲसिडमध्ये ॲनिलिनियम पॉझिटिव्ह होतो आणि ट्यूबच्या आसपासच राहतो, म्हणून पुढे पॉलिमर ट्यूबभोवतीच वाढायला लागतो. परसल्फेट थंड करून थेंब थेंब सोडा. आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय केमिस्ट्री संघटनेच्या २००२ च्या रिपोर्टमध्ये दिलेलं प्रमाण, ०.२ मोलर ॲनिलिन हायड्रोक्लोराइड आणि ०.२५ मोलर परसल्फेट, हे तुलनेसाठी चांगलं आहे, त्यात साध्या पॉलिॲनिलिनची सरासरी कंडक्टिव्हिटी ४.४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर आली होती. तुमचं ट्यूब नसलेलं सॅम्पल त्याच्या जवळपास येतंय का ते आधी बघा.

ट्यूब असल्या की काळ्या द्रावणात निळा मग हिरवा हा रंगबदल नीट दिसत नाही, त्यामुळे थर्मामीटर ठेवा. रिॲक्शन उष्णता सोडते, तापमान चढून खाली आलं की मुख्य भाग झाला. बाथमध्ये हलकं सोनिकेशन चालू ठेवता येतं, प्रोब नको. नंतर पातळ हायड्रोक्लोरिक आणि ॲसिटोनने धुवा. साध्या पाण्याने सारखं धुत राहिलात तर डोपिंग उतरतं आणि मग कंडक्टिव्हिटी पडली की त्याचं खापर ट्यूबवर फुटतं.

परकोलेशन थ्रेशोल्डचा (ट्यूबचं सलग जाळं जुळायला लागणाऱ्या किमान प्रमाणाचा) तो उभा चढ माझ्या ग्राफमध्ये का येत नाही?

कारण तुमचा मॅट्रिक्सच, म्हणजे ट्यूबभोवतीचा पॉलिमरच, कंडक्टिंग आहे. इपॉक्सीत ट्यूब टाकल्या की जाळं जुळेपर्यंत काहीच होत नाही आणि जुळलं की कंडक्टिव्हिटी एकदम दहाच्या कित्येक घातांनी उडी मारते. इथे खालची पातळीच वर आहे, त्यामुळे हळू चढणारी रेषा मिळते. जाळं जुळत नाही असं नाही, फक्त दिसत नाही. ढोबळ अंदाज हवा असेल तर थ्रेशोल्ड साधारण ०.७ भागिले ॲस्पेक्ट रेशो (लांबी भागिले व्यास). उदाहरणार्थ नॅनोसिलच्या एनसी७००० या मल्टीवॉल ग्रेडचा व्यास ९.५ नॅनोमीटर आणि लांबी १.५ मायक्रोमीटर दिलेली असते, रेशो १६० च्या आसपास, म्हणजे थ्रेशोल्ड व्हॉल्यूमच्या अर्ध्या टक्क्याच्या जवळ. सोनिकेशनने लांबी निम्मी केलीत तर तो दुप्पट होतो, वर वेळेबद्दल एवढं बोललो ते याच्यासाठी.

डिस्पर्शन एकदम मस्त आहे, तरी कंडक्टिव्हिटी वाढली नाही. असं का?

सुट्या ट्यूब आणि कंडक्टिव्हिटी यांचं नातं सरळ नाही. करंट ट्यूबमधून आरामात जातो, अडतो तो एका ट्यूबवरून दुसरीवर जाताना. प्रत्येक ट्यूबभोवती पीएसएसचा किंवा सरफॅक्टंटचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर असेल तर इलेक्ट्रॉनला तेवढं अंतर टनेल करून, म्हणजे इन्सुलेटर थरातून आरपार, जावं लागतं आणि अंतर थोडं वाढलं तरी शक्यता झपाट्याने कमी होते. म्हणजे अगदी एकेक ट्यूब छान गुंडाळलेली असणं हे मेकॅनिकल ताकदीसाठी उत्तम, करंटसाठी नाही. आपल्याला हवं ते असं की गुठळ्या नकोत पण ट्यूब एकमेकींना भेटायला हव्यात, आणि भेटतात त्या जागी कंडक्टिंग पॉलिमर हवा. २०१० मध्ये टेक्सास ए अँड एमच्या ग्रुपने पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या इमल्शनमध्ये पीडॉट:पीएसएस लावलेल्या सिंगल वॉल ट्यूब टाकल्या होत्या, सुकताना इमल्शनचे गोळे मध्ये राहतात आणि ट्यूब गोळ्यांच्या फटींत ढकलल्या जाऊन आपोआप जाळं होतं. थर्मोइलेक्ट्रिकसाठी (उष्णतेतून वीज मिळवायला) केलेलं काम आहे, त्यांना ३५ टक्के ट्यूबला साधारण ४०० सीमेन्स प्रति सेंटीमीटर मिळाले. ट्यूब सगळीकडे सारख्या पसरल्याच पाहिजेत या समजुतीला ते काम चांगलं उत्तर आहे. पीएसएसचा जादा थर काढायला फिल्म इथिलीन ग्लायकॉल किंवा मिथेनॉलमध्ये बुडवून धुणं हाही चालणारा उपाय आहे.

चांगलं झालंय की नाही हे कसं बघायचं? टीईएम पुरेसं आहे ना?

टीईएम (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) सगळ्यात शेवटी. ग्रिडवर एक थेंब टाकून चांगली जागा शोधून काढलेला फोटो म्हणजे तुमच्या फिल्मबद्दल पुरावा नाही, ग्रिडवर थेंब सुकतानाही ट्यूब गोळा होतात किंवा लांब जातात. आधी स्वस्तातल्या गोष्टी करा. काचेच्या स्लाइडवर एक थेंब, वर कव्हर स्लिप, आणि साधा ऑप्टिकल मायक्रोस्कोप. राखाडी सारखी फिल्ड दिसली तर ठीक, काळे ठिपके दिसले तर ते काही मायक्रॉनचे गोळे आहेत आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. स्लाइड तशीच ठेवून अर्ध्या तासाने परत बघा, ठिपके जोडून झाडासारख्या फांद्या होतायत का. मग यूव्ही, मग झीटा पोटेन्शियल, म्हणजे ट्यूबवरच्या चार्जचं माप (३० मिलिव्होल्टच्या पलीकडे, प्लस किंवा मायनस, असेल तर बरं), मग फिल्म मोडून त्या मोडलेल्या कडेचा एसईएम (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप). एसईएमचा नंबर लागायला वेळ लागतो, तोपर्यंत या सगळ्या टेस्ट होऊन जातात.

सेंट्रिफ्यूज केलं, आता लोडिंग (ट्यूबचं प्रमाण) किती लिहू?

जेवढं टाकलं तेवढं लिहू नका. खाली बसलेला गाळ म्हणजे ट्यूबच आहेत. गाळ धुवून वाळवून वजन करा किंवा वर राहिलेल्या द्रवाचा (सुपरनॅटंटचा) ॲब्सॉर्बन्स कॅलिब्रेशनवर बसवा.

पाण्याऐवजी एनएमपी किंवा डीएमएफ ही ऑरगॅनिक सॉल्व्हंट घेतली तर?

एनएमपीमध्ये सरफॅक्टंटशिवाय ट्यूब बऱ्यापैकी राहतात, लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडसाठी ट्यूबची पेस्ट त्यातच मिळते, आणि पॉलिॲनिलिनचा बेस फॉर्म त्यात विरघळतो, म्हणून द्रावणात मिसळायचं असेल तर सोयीचं. पण उकळबिंदू २०२ डिग्री, फिल्ममधून निघता निघत नाही, आणि प्रजननावर परिणाम करणारं सॉल्व्हंट म्हणून नोंद आहे. ग्लोव्ह्ज आणि हूड लागतोच.

सुकवताना कडेला काळी रिंग येते आणि मध्ये फिकं. काय करू?

थेंबाच्या कडेला बाष्पीभवन जास्त, द्रव मधून कडेकडे वाहतो आणि ट्यूब बरोबर घेऊन जातो. ड्रॉप कास्टिंगमध्ये हे होणारच. व्हॅक्यूम फिल्ट्रेशन करा, तिथे जिथे जाड होतं तिथून प्रवाह कमी होतो त्यामुळे जाडी आपोआप सारखी होत जाते. किंवा गरम काचेवर स्प्रे, थेंब पसरायच्या आधीच सुकतो.

मोजमापात काय चुकतं?

फोर प्रोबमध्ये (चार टोकं टेकवून रेझिस्टन्स मोजायची पद्धत) ४.५३२ चा गुणक सगळे डोळे झाकून लावतात. तो मोठ्या आणि पातळ फिल्मसाठी आहे. १३ मिलिमीटर डायमध्ये (साच्यात) पावडर दाबून केलेली पेलेट आणि २ मिलिमीटर अंतराचे प्रोब असतील तर व्यासाचं करेक्शन लागतं, पेलेट जाड असेल तर जाडीचंही. दुसरं म्हणजे पीएसएस हवेतलं पाणी ओढतो, मुंबई-कोकणात जुलैमध्ये घेतलेलं रीडिंग आणि डिसेंबरमधलं रीडिंग जुळेल अशी खात्री नसते, म्हणून ह्युमिडिटी लिहून ठेवा आणि तुलना करायची सगळी सॅम्पल एकाच दिवशी मोजा.

नॅनोट्यूब खरंच धोकादायक आहेत का?

कोरडी पावडर श्वासात जाणं हा खरा धोका आहे आणि तो गंभीरपणे घ्या. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये ८ तासांसाठी हवेत घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ही शिफारस केलेली मर्यादा दिली. २०१४ मध्ये आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-७ ही एक विशिष्ट मल्टीवॉल ट्यूब २बी गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्यांत टाकली, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरण केलं नाही, पण पुरावा अपुरा आहे याचा अर्थ सुरक्षित असा होत नाही. पंखा बंद करा, वजन बंद चेंबरमध्ये करा, पावडर लगेच ओली करा, सांडली तर झाडू मारू नका, ओल्या टिश्यूने पुसा. प्रोब चालू असताना फवारा उडतो, त्यामुळे तोही हूडमध्येच. टाकाऊ द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये लेबल लावून जमा करायचं. ज्युनिअर मुलांना पहिल्या दिवशी हे सांगायची जबाबदारी सिनिअर लोकांची आहे.

लिटरभर करायचं असेल तर?

प्रोबने लिटरभर करत बसू नका, टोकाखालचाच भाग होतो. सर्क्युलेशन असलेला फ्लो सेल, बीड मिल किंवा हाय प्रेशर होमोजिनायझर हे रस्ते. घट्ट रेझिन असेल तर थ्री रोल मिल, रोलमधली फट टप्प्याटप्प्याने कमी करत. थर्मोप्लास्टिकमध्ये ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर आणि आधी मास्टरबॅच (जास्त ट्यूब भरलेलं तयार प्लास्टिक), तेही पावडर हाताळायला नको म्हणून सोयीचं.

तयार डिस्पर्शन किती दिवस टिकतं?

सरफॅक्टंटवालं सहसा काही आठवडे टिकतं, पण एसडीएसवालं फ्रीजमध्ये ठेवू नका, कारण वर दिलंय. ट्यूब टाकलेलं पीडॉट:पीएसएस त्या मानाने लवकर घट्ट होतं, लागेल तेवढंच करा, ४ डिग्रीला ठेवा पण गोठू देऊ नका, एकदा गोठलं की जेलचे तुकडे होतात आणि ते परत एकजीव होत नाही. वापरायच्या आधी बाटली हळूच तिरकी करून तळ बघा, तळाला काळा थर दिसला तर थोडा वेळ बाथमध्ये ठेवा आणि स्लाइडवर थेंब घेऊन परत तपासा, मगच फिल्म ओता.